घरी फिल्म धुण्याची रसायने

छायाचित्रणाचा छंद ज्या घरात शिरतो, त्या घरातील न्हाणीघर आज ना उद्या अंधारी खोली बनते. काळ्यापांढऱ्या फिल्मसाठी लागणारी सामग्री थोडीच असते : प्रतिमा उमटविणारे डेव्हलपर, त्याची क्रिया थांबविणारे सौम्य आम्ल आणि प्रतिमा कायम करणारे हायपो. ती विकत घेताना हौशी मनुष्याच्या मनात दोन अपेक्षा असतात. रसायने निर्धोक असावीत आणि पुष्कळ दिवस टिकावीत. परंतु हे दोन्ही गुण एकाच बाटलीत क्वचितच नांदतात, आणि निवडीची सारी अडचण येथेच आहे.

डेव्हलपरचा मुख्य शत्रू म्हणजे हवेतील प्राणवायू. त्याच्याशी संयोग होऊन ते हळूहळू निकामी होते. या बाबतीत सर्वांत चिवट रोडिनल होय. आग्फा कंपनीने १८९१ साली त्याचे पेटंट घेतले. त्या धर्तीचे द्रव आजही निरनिराळ्या नावांनी मिळते. ते वर्षानुवर्षे टिकते, आणि वापरताना त्यात पंचवीस ते पन्नास पट पाणी घालावयाचे असल्यामुळे एक बाटली दीर्घकाळ पुरते. मात्र त्यात कॉस्टिक पोटॅशसारखा तीव्र अल्कली असतो. एक थेंब डोळ्यात उडाला तरी गंभीर इजा होऊ शकते.

याच्या अगदी उलट एक्स्टॉल. कोडॅकने ते १९९६ साली बाजारात आणले. त्यातील प्रमुख द्रव्य क जीवनसत्त्वाच्याच कुळातील असल्यामुळे ते हाताळण्यास पुष्कळ सौम्य आहे. पण रोडिनल काळे पडूनही काम देते, तर एक्स्टॉल निर्मळ दिसत असतानाच दगा देऊ शकते. घरातील वृद्धांचे पुन्हा कधीही न मिळणारे छायाचित्र अशा वेळी कोरे निघाले, तर त्या हानीला भरपाई नाही. त्यावर उपाय मात्र सोपा आहे. फिल्मच्या टोकाचा उजेड लागलेला तुकडा आधी त्या द्रवात बुडवून पाहावा. काही मिनिटांत तो काळाभोर झाला नाही, तर ते द्रव टाकून द्यावे.

मध्यममार्ग हवा असेल त्याने १९२७ साली निघालेल्या कोडॅकच्या डी-७६ कडे वळावे. एक लिटर द्रवात मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स २ ग्रॅम असे त्याचे प्रमाण आहे. त्यातील सल्फाइट प्राणवायूपासून द्रवाचे रक्षण करते. काठोकाठ भरलेल्या बंद बाटलीत ते सहा महिने टिकते, अर्धी बाटली रिकामी राहिल्यास दोनच महिने. मेटॉलमुळे काहींच्या हातांवर पुरळ उठते, म्हणून रबरी हातमोजे घालावेत. जुन्या पुस्तकांतून आढळणारे पायरोगॅलॉल विषारी आहे. कुटुंबवत्सल माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये.

क्रिया थांबविण्यास तीव्र ॲसेटिक आम्ल घरात आणण्याचे कारण नाही. स्वयंपाकघरातले लिंबाचे सत्त्व पाण्यात विरघळवून तेच काम होते आणि वासही येत नाही. हायपोचे कोरडे खडे बंद बरणीत वर्षानुवर्षे चांगले राहतात. हायपो रुप्याचे क्षार विरघळविते, हा गुण जॉन हर्शेल यांनी १८१९ साली दाखविला. त्यामुळेच वापरलेल्या हायपोत रुपे उतरलेले असते. ते विहिरीजवळ किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नये.

आपल्याकडील उन्हाळ्यात द्रव अधिक लवकर बिघडते. म्हणून तपकिरी काचेच्या लहान बाटल्या गळ्यापर्यंत भरून थंड, अंधाऱ्या कपाटात ठेवाव्यात. द्रव कमी झाल्यास आत काचेच्या गोट्या टाकून पातळी वर आणावी. मात्र थंडाव्याच्या लोभाने या बाटल्या खाद्यपदार्थांच्या फ्रीजमध्ये कधीही ठेवू नयेत, आणि सरबताच्या रिकाम्या बाटलीत डेव्हलपर भरू नये. तहानलेल्या मुलाला त्यातील फरक कळत नाही.

ज्याचे काम वर्षातून चारदोनदाच निघते, त्याला रोडिनल सोयीचे. जो दर आठवड्यास फिल्म धुतो, त्याला एक्स्टॉल किंवा डी-७६ बरे. निवड कोणतीही असो, प्रत्येक बाटलीवर रसायनाचे नाव व तयार केल्याची तारीख ठळक अक्षरांत लिहिलेली असावी, आणि कपाटाला कुलूप असावे.