इंग्रजी निबंध : पाठांतर की वाक्यरचना?



शालान्त परीक्षेच्या इंग्रजी उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांस एक गोष्ट चांगली परिचयाची असते. एकाच गठ्ठ्यातील अनेक उत्तरपत्रिकांत एकच निबंध, त्याच वाक्यांनी आणि त्याच विशेषणांनी सजवून लिहिलेला आढळतो. ज्या शाळेच्या आवारात सावलीपुरतेही झाड नाही, तेथील विद्यार्थीही आपल्या शाळेस विस्तीर्ण उद्यान असल्याचे बिनदिक्कत लिहून जातो. 'माझी शाळा' हा विषय आला तर पान भरते. परंतु 'आमच्या शाळेतील पाण्याची टाकी' असा विषय आला, की तोच विद्यार्थी पहिल्या ओळीशीच थबकतो. पाठ केलेले सारे निरुपयोगी ठरते, आणि स्वतःचे वाक्य रचण्याची सवय नसल्यामुळे पान कोरे राहते.

हे कोरे पान म्हणजे केवळ चार-सहा गुणांचे नुकसान नव्हे. खेड्यातील मुलगा वा मुलगी पुढे विज्ञानशाखेकडे, तंत्रनिकेतनाकडे किंवा परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळली, तर तेथील पुस्तके व अहवाल बहुधा इंग्रजीतच असतात. त्या उंबरठ्यावर जो विद्यार्थी 'हे आपल्याला जमणारे नाही' असे म्हणून मागे फिरतो, त्याची बुद्धी कमी पडलेली नसते; त्याच्या हाती साधन दिले गेलेले नसते. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी पहिलीपासून शिकविले जाते. त्यामुळे हे साधन हाती देण्याची जबाबदारी आता प्रामुख्याने प्राथमिक शिक्षकाकडे आली आहे.

प्रथम शब्दसंग्रहाचा विचार करू. शब्द पाठ असणे आणि शब्द येणे या दोन भिन्न गोष्टी होत. 'बाय म्हणजे विकत घेणे' एवढे ज्यास पाठ आहे, त्यास तो शब्द अर्धाच आला. त्याचा उच्चार, त्याचे स्पेलिंग, त्याचे 'बॉट' हे भूतकाळी रूप आणि तो कोणत्या शब्दांच्या संगतीत राहतो, हे कळले म्हणजे तो शब्द विद्यार्थ्याच्या मालकीचा झाला. शब्दांनाही माणसांप्रमाणे सोबती असतात. मराठीत पाऊस मुसळधार पडतो. इंग्रजीत तो 'हेवी' असतो. आपण चूक 'करतो'. इंग्रजीत चूक 'मेक' करतात, 'डू' करीत नाहीत. म्हणून वहीत सुटा शब्द व त्यापुढे अर्थ असे दोन रकाने न आखता शब्द, त्याचा सोबती आणि त्या दोहोंचे एक छोटे वाक्य असे तीन रकाने आखावेत. तिसऱ्या रकान्यातील वाक्य विद्यार्थ्याचे स्वतःचे असावे.

शब्द किती शिकवावेत, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. बंगालमध्ये दीर्घकाळ अध्यापनकार्य केलेले इंग्रज शिक्षणतज्ज्ञ मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली इंग्रजीतील सर्वाधिक उपयोगाच्या सुमारे २,००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. साधारण लिखाणात येणारे बहुतेक शब्द या यादीतच सापडतात. याचा अर्थ असा, की परीक्षेच्या निबंधासाठी शब्दकोश पालथा घालण्याचे कारण नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षाचे किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी किमान २२० दिवस कामाचे धरलेले आहेत. तिसरीपासून सातवीपर्यंत दररोज केवळ तीन शब्द शिकविले, तर पाच वर्षांत ते ३,१२० होतात. त्यांतील निम्मे विसरले गेले असे मानले, तरी १,५६० शब्द उरतात. एवढ्या भांडवलावर कोणत्याही नित्याच्या विषयावर पानभर लिहिता येते. मात्र हे तीन शब्द दुसऱ्या दिवशी, आठवड्याने व महिन्याने पुन्हा भेटले पाहिजेत. पेरलेले पाण्यावाचून जसे वाळते, तसा उजळणीवाचून शब्दही वाळून जातो.

शब्दांची निवड विद्यार्थ्याच्या परिसरातून व्हावी, आणि तीत नामांपेक्षा क्रियापदांस अधिक मान द्यावा. 'ऑनियन', 'बास्केट', 'बस' ही नामे मुलांना लवकर येतात. परंतु 'ब्रिंग', 'सेल', 'कॅरी', 'पे', 'वेट' ही क्रियापदे नसतील तर ती नामे जागच्या जागी पडून राहतात. वाक्याचे ओझे क्रियापदच वाहून नेते.

आता व्याकरणाकडे वळू. इंग्रजी व्याकरणाच्या व्याख्या पाठ करून घेतल्याने निबंध शुद्ध होत नाही. मराठी भाषिक विद्यार्थी कोठे अडखळतो, हे शिक्षकाने आधी ओळखावे. कारण त्याच्या बहुतेक चुका अज्ञानाच्या नसून मातृभाषेच्या सवयीच्या असतात.

पहिली अडचण शब्दक्रमाची. मराठीत 'मी आंबा खातो' असे क्रियापद शेवटी येते, तर इंग्रजीत ते कर्त्यामागोमाग येते. कोणी, काय केले, कशास, कोठे, केव्हा हा क्रम फळ्यावर कायम लिहून ठेवला, तर लहान मुलासही तो अंगवळणी पडतो.

दुसरी अडचण 'अ', 'अ‍ॅन' व 'द' या उपपदांची. मराठीत अशी उपपदे नसल्याने विद्यार्थी ती गाळतो, किंवा भीतीपोटी सर्वत्र पेरतो. गोष्ट सांगताना हा भेद सहज दाखविता येतो. 'एक कावळा होता' येथे 'अ क्रो'. 'तो कावळा तहानलेला होता' येथे 'द क्रो'. प्रथम भेटीस 'अ', ओळख झाल्यावर 'द', एवढे सूत्र आरंभी पुरे आहे.

तिसरी अडचण विभक्तीची. मराठीतील एका 'ला' प्रत्ययाची कामे इंग्रजीत निरनिराळ्या प्रकारे होतात. 'मी त्याला विचारले' याचे 'आय आस्क्ड टू हिम' होते ते यामुळेच. तेथे 'टू' नको. 'मला दोन भाऊ आहेत' येथे तर 'ला' पूर्णपणे नाहीसा होऊन 'आय हॅव टू ब्रदर्स' असे वाक्य बनते. अशी वाक्ये नियमाने न शिकविता जोडीने शिकवावीत : डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी.

चौथी अडचण क्रियापदाच्या रूपांची. 'मुलाने आंबा खाल्ला', 'मुलाने पोळी खाल्ली' असे मराठी क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. इंग्रजीत 'एट' हे एकच रूप दोन्हीकडे चालते. उलट वर्तमानकाळात 'आय गो', पण 'ही गोज' हा भेद पाळावा लागतो. 'आय डिड नॉट वेन्ट' ही चूक तर घरोघरची आहे. 'डिड'ने भूतकाळाचे ओझे आधीच उचललेले आहे, मग मूळ क्रियापदाने ते पुन्हा कशाला उचलावे, असे सांगितले की मुलांस ते पटते व ध्यानात राहते.

पाचवी अडचण लिंग व आदर यांची. मराठीत बस 'ती' असते, म्हणून विद्यार्थी तिच्यासाठी 'शी' लिहितो. आणि 'गुरुजी आले' या आदरार्थी अनेकवचनामुळे एकट्या गुरुजींसाठी 'दे' लिहितो. ही चूक विनयातून आलेली आहे, हे ओळखून शिक्षकाने ती हळुवारपणे सुधारावी.

हे सारे दृढ करण्यास वाक्यतक्त्यासारखा उपाय नाही. फळ्यावर तीन उभे रकाने आखावेत. पहिल्यात 'माय फादर', 'माय मदर', 'द फार्मर'. दुसऱ्यात 'सेल्स', 'ब्रिंग्ज', 'कॅरीज'. तिसऱ्यात 'एग्ज', 'मिल्क', 'ऑनियन्स'. एवढ्या नऊ तुकड्यांतून सत्तावीस शुद्ध वाक्ये निघतात. मुलांनी ती आधी बोलावीत, मग लिहावीत, आणि शेवटी प्रत्येक रकान्यात आपल्या मनचा एक तुकडा घालावा. नियम सांगण्याची वेळ त्यानंतरची.

वाक्यांतून निबंध कसा उभा राहतो, ते 'आमच्या गावचा बाजार' या विषयावरून पाहू. आरंभी मराठीत चर्चा व्हावी. कारण ज्यास आपला विषय मातृभाषेत मांडता येत नाही, त्यास तो परभाषेत मांडता येणे कठीण. कोठे, केव्हा, कोण, काय, कसे व का या सहा प्रश्नांची उत्तरे मुलांकडून काढून घ्यावीत. लागणारे आठ-दहा इंग्रजी शब्द फळ्यावर लिहावेत. मग प्रत्येक उत्तराचे एक लहान इंग्रजी वाक्य करावे : 'द मार्केट इज नियर द टेंपल. इट इज ऑन संडे. माय मदर सेल्स एग्ज देअर. आय कॅरी द बास्केट.' त्यानंतर 'अँड', 'बट', 'बिकॉज', 'सो', 'देन' या पाच दोरांनी ती वाक्ये एकमेकांस बांधावीत. मराठी परिच्छेदाचे शब्दशः भाषांतर मात्र करू देऊ नये. मराठीतून विचार घ्यावा, वाक्य इंग्रजीचे घ्यावे.

आपली आई बाजारात अंडी विकते, हे वाक्य कोणत्याही गाईडमध्ये सापडणार नाही. ते साधे आहे, शुद्ध आहे आणि खरे आहे. आपले खरे जीवनही इंग्रजीत लिहिण्याजोगे आहे, हे ज्या मुलास कळले, त्याची त्या भाषेविषयीची भीती ओसरू लागते. उसन्या उद्यानाचे वर्णन करणाऱ्या मुलास हा लाभ कधीच होत नाही.

तपासणीविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. संपूर्ण वही लाल शाईने रंगविल्यास विद्यार्थी चुका शिकत नाही, लिहिणे टाळण्यास शिकतो. एका आठवड्यात एकाच प्रकारची चूक धरावी : या आठवड्यात क्रियापदाचे रूप, पुढील आठवड्यात उपपद. चूक अधोरेखित करून ती सुधारण्याची संधी प्रथम विद्यार्थ्यास द्यावी. परीक्षेतही अखेरची पाच मिनिटे राखून क्रियापद, उपपद, आरंभीचे मोठे अक्षर व पूर्णविराम एवढ्या चार गोष्टी पाहण्याची सवय वर्गातच लागावी.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. अभ्यासात मागे पडलेल्या मुलास निबंध पाठ करवून निदान चार गुण तरी मिळतात. ते का घालवावेत? परीक्षा तोंडावर आली असता, मूल नापास होण्याची भीती असता, शिक्षक व पालक पाठांतराकडे वळतात, हे समजण्यासारखे आहे. पाठांतर सर्वथा त्याज्यही नाही. परंतु काय पाठ करावे, याचा विवेक हवा. पूर्ण निबंध पाठ केला तर तो एकाच विषयास उपयोगी पडतो. 'देअर इज', 'आय लाइक', 'इट इज यूजफुल बिकॉज' अशा तीसचाळीस वाक्यारंभांचे पाठांतर शेकडो विषयांस उपयोगी पडते. मागे पडलेल्या मुलास तर याची गरज सर्वांत अधिक आहे. कारण विषय बदलला असता उचलून धरणारे दुसरे काही त्याच्यापाशी नसते.

या कार्यास वेगळा निधी, यंत्रे वा नवी पुस्तके लागत नाहीत. फळा, खडू, तीन रकान्यांची वही आणि दररोजची दहा मिनिटे एवढे साहित्य प्रत्येक शाळेत आहे. तिसरीच्या वर्गात आज लिहिलेले तीन शब्द शालान्त परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत कामास येण्यास सातआठ वर्षे लागतील, आणि त्याचे श्रेय बहुधा प्राथमिक शिक्षकास मिळणारही नाही. तरीही त्या दिवशी एखाद्या वाडीवरील मुलगी अनोळखी विषय वाचून न थबकता स्वतःचे पहिले वाक्य लिहील, तर ते तिच्या तिसरीच्या वर्गातील फळ्यावरूनच आलेले असेल.