परदेशी जाणाऱ्या मुलाबाळांविषयी

(एका वस्तीतील विहारात केलेले भाषण)



गेल्या महिन्यात एक वृद्ध गृहस्थ मुलीच्या नोकरीचा करारनामा घेऊन माझ्याकडे आले. मुलगी घरकामासाठी परदेशी जावयाची होती. करारनाम्यात पगाराचा आकडा होता. तो कोणाच्या खात्यात जमा होणार, याविषयी एक अक्षरही नव्हते. "वकीलसाहेब, मालक आपल्याच देशाचा आहे, मग भीती कसली?" असे त्यांनी विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर आज तुमच्यापुढे ठेवतो.

मनुष्य समुद्र ओलांडतो तेव्हा जातही त्याच्याबरोबर समुद्र ओलांडते. १९१६ साली न्यूयॉर्क येथे वाचलेल्या जातिसंस्थेवरील निबंधात बाबासाहेबांनी केतकरांचे मत उद्धृत करून हा इशारा दिलाच होता.

इंग्लंडातील एक खटला पाहा. भारतातून नेलेली एक स्त्री तेथील भारतीय कुटुंबात साडेचार वर्षे राबली. पासपोर्ट मालकाच्या कबजात, बँकेचे खाते मालकाच्या हाती, निजावयास जमिनीवरील गादी, घरच्यांशी बोलण्यावर बंधने. तेथील २०१० च्या समता कायद्यात संरक्षित बाबींच्या यादीत 'जात' नाही, सबब जातीची तक्रार चालू शकत नाही, असा मालकांचा युक्तिवाद होता. २०१४ साली अपील न्यायाधिकरणाने तो फेटाळला. वांशिक मूळ या संज्ञेत जात येऊ शकते, असे ठरविले. २०१५ साली तिला थकलेल्या वेतनापोटी १,८३,००० पौंडांहून अधिक रक्कम मंजूर झाली.

तरीही २०१८ साली इंग्लंडच्या सरकारने कायद्यात जातीचा स्पष्ट उल्लेख करण्याचे नाकारले. निवाडे पुरेसे आहेत म्हणे! निवाड्यास वर्षे लागतात, आणि नोकर माणसास उद्याची भाकरी हवी असते. अमेरिकेत सिॲटल शहराने २०२३ साली जातिभेदास बंदी केली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी तशाच हेतूच्या विधेयकावर नकाराधिकार वापरला.

त्या गृहस्थांना सांगितले तेच तुम्हांस सांगतो. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम १७ अन्वये पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता आहे, मालकाची नव्हे. त्याची व करारनाम्याची नक्कल घरी ठेवा. नोकरी लावणारा दलाल १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदलेला आहे काय, ते पाहा. आणि दरमहा पैसे आले म्हणजे लेक सुखात आहे, असे धरून चालू नका. पासपोर्ट कोणाजवळ आहे, हे तिला प्रथम विचारा.

ते गृहस्थ करारनामा परत घेऊन गेले. पगार मुलीच्याच खात्यात जमा होईल असे कलम दलालाने लिहून दिल्यावाचून मुलगी सही करणार नाही, असे त्यांनी जाताना सांगितले.