माझ्या चवळीचा वेल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चारचौघींत उभे राहून बोलायची मला सवय नाही. शिक्षण सातवीपर्यंत. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "वाफ्याशी बसून बोलता तेच इथे बोला," तेव्हा नाही म्हणता येईना.

चार वर्षांपूर्वी माझ्या चवळीवर मावा पडला. शेंड्यांवर काळे थर, आणि त्यांत लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे किडे फिरताना दिसले. मी दुकानातून औषधाची बाटली आणली, अंदाजाने बुचे मोजली आणि फवारले. मावा गेला, किडेही गेले. दुसऱ्या दिवशी शेजारची पाच वर्षांची पोर नेहमीप्रमाणे आली आणि कोवळ्या शेंगा तोडून खाऊन गेली. रात्री तिला उलट्या सुरू झाल्या. दोन दिवस दवाखान्यात होती, बरी झाली. तिची आई मला एका शब्दाने बोलली नाही, तेच फार लागले. फवारल्यावर किती दिवस शेंग तोडू नये, ते बाटलीवर छापलेले होते. मी वाचलेच नव्हते. मग सातवी शिकले ती कशाला?

त्याच पावसाळ्यात परसबागेचा वर्ग निघाला. फी नव्हती, अट होती: शिकून झाले की दहा घरी जाऊन शिकवायचे. वर्गातल्या बाईंनी सांगितले, अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या विद्यापीठाने १९७३ साली असेच स्वयंसेवक तयार केले. शिकलेल्यांनी मोबदल्यात लोकांना बागेचा सल्ला द्यायचा. तिथेच मला कळले, ते लाल किडे म्हणजे ढालकिडे, माव्यावर जगणारे. माझे राखणदार मीच मारले होते! (वांग्याच्या पानाची चाळण करणारा किडा साधारण तसाच दिसतो, पण त्याची पाठ मळकट आणि ठिपके पुष्कळ. तो हाताने वेचावा.)

पहिले घर कोणते, याचा विचार करावा लागला नाही. शेजारणीने चहा ठेवला आणि म्हणाली, "आधी माझ्या पोरीला शिकवा." ती आता नऊ वर्षांची आहे आणि माझ्या वेलावरचे ढालकिडे मोजते.

सगळीकडे असे जमले नाही. एक आजी हसल्या, "माव्यावर राख फुंकावी, हे शिकायला वर्ग कशाला?" मी त्यांच्याकडून तेवढे शिकून आले.

आता कृती. वाळलेल्या निंबोळ्यांचा पन्नास ग्रॅम कूट लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावा. सकाळी फडक्याने गाळून चिमूटभर साबणचुरा घालावा आणि त्याच दिवशी ऊन उतरल्यावर फवारावे; उन्हात त्याचा गुण जातो. मावा थोडाच असेल तर तेही नको, चार दिवस ढालकिड्यांची वाट पाहावी. आणि भाजी धुऊनच घरात घ्यावी.

निंबोळ्या जूनमध्ये गळू लागतात. देवळामागच्या दोन्ही झाडांखाली मी जुनी चादर अंथरणार आहे. येताना पिशवी आपापली आणावी.