पिशवीतले कागद
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही डॉक्टर नव्हे. पाहिले तेवढेच सांगते.

आमच्या शेजारी चोपड्याकडचे एक कुटुंब राहते. त्यांच्या 9 वर्षांच्या मुलाला सिकलसेल आहे. या आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात व बारीक वाहिन्यांत अडकतात. अंगातले पाणी कमी झाले की दुखणे उसळते. सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा, यावल, रावेर, शिरपूर या भागांत भिल्ल व पावरा समाजात हा आजार आढळतो.

मुलाचे कागद त्याची आई एका पिशवीत ठेवते. काही जळगावचे, काही धुळ्याचे. एके दिवशी कवायतीत त्याला पाणी पिऊ दिले नाही. शाळेला आजार ठाऊकच नव्हता. रात्री हाडे ठणकू लागली, ताप चढला. मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले. डॉक्टर नवे. घाईत पिशवी घरीच राहिली. "कोणती गोळी चालू आहे?" या प्रश्नाला आईपाशी उत्तर नव्हते. पिशवी येईपर्यंत पोर विव्हळत होते.

दैवाने तो बरा झाला. त्या रात्री कोणी कामात कसूर केली असे नव्हे. प्रत्येकाने आपापले केले. ते जोडणारे मात्र कोणी नव्हते.

2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा मुले तपासतात. जुलै 2023 मध्ये सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही निघाली. किती मुले तपासली, हे मोजले जाते व ते मोजलेच पाहिजे. परंतु पुढची साखळी जुळली की तुटली, हे आईखेरीज कोण सांगणार? अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या संशोधकांनी अशा मुलांच्या पालकांनाच विचारावयाची प्रश्नावली तयार केली, ती याच विचाराने.

आपणही चार प्रश्न विचारू या. मुलाचे सगळे उपचार ठाऊक असलेला, हाक मारता येईल असा एक माणूस आहे काय? दवाखान्यातून येताना पुढे काय करावयाचे ते लिहून मिळाले काय? अचानक दुखणे वाढल्यास काय करावे, कोठे जावे, याचा डॉक्टरांनी दिलेला कागद घरी आहे काय? शाळेला सर्व ठाऊक आहे काय?

"होय" किती, "नाही" किती, वहीत मांडावे. सहा महिन्यांनी पुन्हा विचारावे. "नाही" कमी झाले तर काम झाले. मात्र मुलाचे नाव चारचौघांत काढू नये, आणि औषधात आपण लुडबूड करू नये.

त्या शेजारणीला मी हेच विचारले, तेव्हा चारही उत्तरे "नाही" आली. आज दोन "होय" आहेत. डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद देवघराशेजारी टांगला आहे, त्याची प्रत शाळेत आहे, आणि पाण्याची बाटली मुलाच्या बाकावर असते. उरलेल्या दोन उत्तरांसाठी आपण साऱ्याजणी तिच्यासोबत जाऊ या, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.