सोनटक्क्याचा कंद परदेशी नेऊ नका

पावसाळा सरत आला की परसदारी, न्हाणीचं पाणी जातं त्या ओलीवर सोनटक्का फुलतो. या आवडत्या झाडाबद्दल आज सावध करायचं आहे, विशेषतः ज्यांची मुलं-नातवंडं परदेशात आहेत त्यांना.

सोनटक्क्याच्याच जातकुळीतलं एक झाड म्हणजे काहिली जिंजर. मूळचं सिक्कीम, नेपाळ, भूतानकडचं. पिवळी फुलं, त्यातून डोकावणारे लाल केसर, हातभर लांब तुरा. शोभेसाठी लोकांनी ते हवाई, न्यूझीलंड, अझोर्स बेटांवर नेलं आणि बागेतून ते रानात शिरलं. आज जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे.

हे घडतं कसं? त्याचे कंद एकमेकांत गुंतत जातात आणि काही ठिकाणी त्यांचा थर मीटरभर जाड होतो. त्यातून दुसऱ्या झाडाचं रोप वर येऊच शकत नाही. बहुतेक तणांना ऊन लागतं, हे मात्र गर्द सावलीतही वाढतं; म्हणून चांगलं, राखलेलं जंगलही त्याच्यापासून सुरक्षित नाही. एका तुऱ्यात शंभरापर्यंत बिया धरतात. नारिंगी फळं उकलली की आतल्या लालभडक बिया पक्षी खातात आणि दूरवर टाकतात. अझोर्समधल्या साओ मिगेल बेटावर प्रियोलो नावाचा छोटा पक्षी आहे, जगात दुसरीकडे कुठेही नाही. तो ज्या रानावर जगतो तेच रान या झाडाने व्यापत चाललं आहे, याचं मला फार वाईट वाटतं.

हिमालयात त्याचा पाला, कोंब, खोड खाणारे किडे त्याच्याबरोबरच वाढले आहेत. परक्या बेटांवर त्याला खाणारं कुणी नाही. आपला पांढरा सोनटक्काही तसाच. ब्राझीलमध्ये त्याने ओढ्यांचे काठ आणि पाणथळ जागा बळकावल्या आहेत.

तेव्हा ऑकलंडला मुलाकडे जाताना आठवण म्हणून बॅगेत कंद टाकू नका. न्यूझीलंडमध्ये काहिली जिंजर विकायला, वाढवायला, कुणाला द्यायलाही कायद्याने बंदी आहे. तिथल्या घराच्या आवारात ते आधीच असेल, तर फळ धरण्याआधी तुरे छाटा, मग कंद खणून काढा. मातीत राहिलेला तुकडा पुन्हा फुटतो, म्हणून पुढची काही वर्षं त्या जागेवर लक्ष ठेवावं लागतं. काढलेले कंद खतासाठी कुजत घालू नका, ते तिथेही रुजतात. त्यांची विल्हेवाट स्थानिक नगरपालिकेला विचारूनच लावा.

इथला सोनटक्का उपटा, असं माझं मुळीच म्हणणं नाही. फक्त वाफा विरळ करताना निघालेले कंद ओढ्यात किंवा रानाच्या कडेला फेकू नका. हवे असतील त्या शेजाऱ्यांना कुंडीसाठी द्या, उरलेले उन्हात फरशीवर पूर्ण वाळवा.