पॉइंट साठवू नका, वापरा! विमान कंपन्यांच्या पॉइंटचा पैशांतला हिशोब

(पॉडकास्टच्या या भागाची लिखित प्रत. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, आणि वाचायचा कंटाळा आला तर वरचं प्लेचं बटण आहेच.)

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मेसेज करून मागितला होता. पहिली नोकरी लागली, पहिलं क्रेडिट कार्ड आलं, ऑफिसच्या कामासाठी दोन-चार विमानप्रवास झाले, आणि ॲपमध्ये कुठेतरी आकडा दिसायला लागला: ८,००० पॉइंट. आता प्रश्न असा की हे ८,००० म्हणजे नक्की किती रुपये?

बहुतेकांना याचं उत्तर माहीत नसतं. खिशातल्या नोटेवर किंमत छापलेली असते, पॉइंटवर ती नसते. ती विमान कंपनी ठरवते आणि तिला वाटेल तेव्हा बदलते. म्हणून आज एकच गोष्ट सांगणार आहे: पॉइंटची किंमत पैशांत काढायला शिका. बाकीचं सगळं त्यातून आपोआप सुचतं.

हे सगळं सुरू कुठून झालं?

१ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सनं ‘ॲडव्हान्टेज’ नावाची योजना आणली. आमच्याच विमानानं फिरा, जेवढे मैल उडाल त्याचा हिशोब आम्ही ठेवतो, पुढे फुकट तिकीट देतो, अशी साधी कल्पना. काही दिवसांतच युनायटेडनं स्वतःची योजना काढली, आणि मग सगळ्यांचीच रांग लागली. आज मात्र पॉइंट मिळवायला विमानात बसायचीही गरज नाही. किराणा भरा, पेट्रोल टाका, हॉटेल बुक करा, कार्डावर पॉइंट जमा होतात.

यातला सगळ्यात भारी किस्सा १९९९ सालचा आहे. कॅलिफोर्नियाचे डेव्हिड फिलिप्स नावाचे इंजिनिअर. एका खाद्यपदार्थांच्या कंपनीनं जाहीर केलं की पाकिटांवरचे बारकोड पाठवा आणि विमानाचे मैल मिळवा. फिलिप्स यांनी दुकानं पालथी घातली आणि त्यातली सगळ्यात स्वस्त वस्तू शोधली: पुडिंगचे छोटे कप. त्यांनी १२,१५० कप घेतले. खर्च साधारण ३,१४० डॉलर, आणि मिळाले साडेबारा लाखांच्या आसपास मैल! एवढं पुडिंग खाणार कोण? त्यांनी ते एका सेवाभावी संस्थेला दान केलं आणि तिथल्या स्वयंसेवकांनी बारकोड काढून द्यायला मदत केली.

अशी ऑफर आपल्या नशिबी येईल न येईल. पण एक बघा, त्यांनी खरेदीच्या आधी हिशोब केला. आपण करतो का?

सूत्र एकच, पाचवीच्या गणिताचं

आता मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडा. आकडे उदाहरणापुरते घेते.

समजा बंगळुरू ते नागपूर तिकीट ६,६०० रुपयांना आहे. तीच सीट पॉइंटनं घेतली तर ८,००० पॉइंट आणि वर १,००० रुपये कर-शुल्क. हो, ‘फुकट’ तिकिटावरही कर भरावा लागतो, आणि परदेशी प्रवासात कर आणि सरचार्ज मिळून हा आकडा चांगलाच मोठा होऊ शकतो.

तर ६,६०० वजा १,०००, म्हणजे तुमचे वाचले ५,६०० रुपये. भागिले ८,००० पॉइंट. उत्तर येतं ७० पैसे. तुमचा एक पॉइंट इथे ७० पैशांना खपला.

तेच ८,००० पॉइंट देऊन शॉपिंगचं २,००० रुपयांचं व्हाउचर मिळत असेल, तर पॉइंट गेला २५ पैशांना. म्हणजे तिकिटाच्या जवळजवळ एक तृतीयांश भावानं. मिक्सर, हेडफोन, व्हाउचर यांचे फोटो ॲपमध्ये ठळक दिसतात, पण त्यांच्यावर बोट ठेवण्याआधी हा भागाकार करा.

खरी किंमत कधी मिळते?

माझा मावसभाऊ बंगळुरूला नोकरी करतो. एका रात्री नागपूरहून फोन आला, आजीला आयसीयूत हलवलंय. दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाचं भाडं दुपटीच्या वर गेलेलं. पण त्याच्याकडे ज्या योजनेचे पॉइंट होते, तिचे दर ठरलेले होते. सीट शिल्लक होती, आणि पॉइंट नेहमीएवढेच लागले.

आपल्या उदाहरणात हे बसवून बघा. भाडं १४,००० झालं. वजा १,०००, भागिले ८,०००. तोच पॉइंट आता १ रुपया ६२ पैशांचा झाला. आणि मंडळी, दुपारी तो आजीजवळ होता. त्याचा हिशोब कुठल्याच कॅल्क्युलेटरवर होत नाही.

पण हे प्रत्येक योजनेत चालत नाही. काही कंपन्यांचा तक्ता असतो: अमुक अंतराला अमुक पॉइंट. काहींनी तक्ता काढूनच टाकलाय. अमेरिकेत डेल्टानं २०१५ मध्ये आणि युनायटेडनं २०१९ मध्ये तो काढला. तिथे भाडं वाढलं की सहसा पॉइंटही जास्त लागतात. तुमची योजना कुठल्या प्रकारची आहे हे शांत डोक्यानं आजच बघून ठेवा. अडचणीच्या रात्री नियम वाचायला कुणाला वेळ असतो?

विमान एकाचं, पॉइंट दुसऱ्याचे

हे खास परदेशात शिकायला चाललेल्या मित्रमैत्रिणींसाठी. एअर इंडिया जुलै २०१४ पासून ‘स्टार अलायन्स’ या गटात आहे. लुफ्तान्सा, सिंगापूर एअरलाइन्स याच गटात. म्हणजे मुंबईहून फ्रँकफर्टला लुफ्तान्सानं गेलात तरी पॉइंट एअर इंडियाच्या खात्यात घेता येतात. चार कंपन्यांत थोडे थोडे विखुरण्यापेक्षा एकाच खात्यात गोळा करा. फक्त अगदी स्वस्त तिकिटांवर कधी कधी फारच कमी पॉइंट मिळतात, कधी काहीच नाही, तेवढं आधी तपासा. आणि पॉइंट खात्यात दिसेपर्यंत बोर्डिंग पास फेकू नका.

कार्डाचे पॉइंट विमान कंपनीकडे वळवताना दोन गोष्टी सांभाळा. एक, दर. कार्डाचे दोन पॉइंट देऊन विमानाचा एक मिळत असेल तर आपला भागाकारही त्याप्रमाणे बदला. दोन, हा रस्ता सहसा एकेरी असतो, वळवलेले पॉइंट परत येत नाहीत. म्हणून आधी सीट आहे का बघा, मगच वळवा.

आता कडू गोळी

पॉइंटसाठी जास्त खर्च करणं आणि बिल थकवणं, यात सगळा फायदा बुडतो. समजा ५०,००० रुपये खर्च केले आणि शंभराला दोन या दरानं १,००० पॉइंट मिळाले. ७० पैशांच्या भावानं ७०० रुपये. पण तेच बिल महिनाभर थकलं आणि व्याज महिना साडेतीन टक्के असेल, तर १,७५० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण २,०६५. कमावले सातशे, घालवले दोन हजार! ‘किमान रक्कम भरा’ हे बटण म्हणजे पॉइंटचा शत्रू. पूर्ण बिल भरता येत नसेल तर हा खेळ खेळूच नका.

आणि साठवून का ठेवायचे नाहीत?

बँकेतल्या पैशांवर व्याज मिळतं, पॉइंटवर मिळत नाही. उलट दर वाढतात, मुदत संपते. सिंगापूर एअरलाइन्सचे मैल ३६ महिन्यांनी बाद होतात. आणि कधी कधी कंपनीच राहत नाही. किंगफिशरची विमानं ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली आणि त्यांच्या ‘किंग क्लब’च्या पॉइंटना काही अर्थ उरला नाही. जेट एअरवेजचं शेवटचं उड्डाण १७ एप्रिल २०१९ ला झालं. तिची पॉइंट योजना वेगळ्या कंपनीकडे होती म्हणून ‘इंटरमाइल्स’ या नावानं पुढे चालली, पण ज्या विमानांत बसायच्या आशेनं लोकांनी ते पॉइंट जमवले होते, ती विमानं जमिनीवरच राहिली.

म्हणून माझा नियम असा: एका अडचणीच्या प्रवासापुरते पॉइंट बाजूला ठेवायचे, बाकीचे खर्च करून टाकायचे. आईबाबांना पहिल्यांदा विमानात बसवायचंय? त्यांच्या नावानं तिकीट काढा. काही योजनांत नावं आधी नोंदवावी लागतात, ती आत्ताच नोंदवा.

जाता जाता गृहपाठ. आज झोपण्यापूर्वी ॲप उघडा आणि तीन गोष्टी लिहून काढा: पॉइंट किती, मुदत कधीपर्यंत, आणि तुमच्या घरच्या मार्गावर एका पॉइंटचे पैसे किती पडतात. तो आकडा मला कॉमेंटमध्ये कळवा. कुणाचा सगळ्यात जास्त येतो ते पुढच्या भागात सांगते.

तोवर बिल वेळेवर भरा, आणि घरी फोन करत राहा. भेटूच!