तारेला वळण लावा



आता ग्रामपंचायतीत इंटरनेटची तार येते. तिच्या पोटात केसासारखा बारीक काचेचा धागा असतो. त्यातून प्रकाश धावतो, त्यावरच निरोप येतात. तार फार वाकवली, की प्रकाश वाटेतच सांडतो. मग दाखला अडतो, म्हातारी माणसे हात हलवीत परत जातात.

म्हणून कोपऱ्यावर तार दुमडू नका. ५ मिलिमीटर जाड तारेला निदान १० सेंटिमीटर रुंद गोल वळसा द्या. दाराच्या फटीतून नेऊ नका. करकचून बांधू नका. तुटलेल्या टोकात डोकावू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

मुलाला वळण लावतो ना? तसेच तारेला लावा. हळूहळू, मोडू न देता.